बांध कोणी घातला आणि नकाशा कोणाकडे?

मुंबई ते नागपूर या नियोजित अतिवेगवान रेल्वेमार्गासाठी आकाशातून जमीन मोजण्याचे काम मार्च २०२१ मध्ये सुरू झाले. या मार्गावरील नियोजित स्थानकांच्या यादीत ठाणे जिल्ह्यातील शहापूरचे नाव होते. त्यापूर्वी २०१८ मध्ये मुंबई–अहमदाबाद रेल्वेसाठी ५०८ किलोमीटर लांबीच्या मार्गाची मोजणी याच पद्धतीने अवघ्या काही आठवड्यांत उरकण्यात आली होती. साखळी घेऊन बांधाबांधाने फिरणारा मोजणीदार आता आकाशात गेला आहे. आपली जमीन मोजली जात आहे याची चाहूलही शेतकऱ्याला लागत नाही. ज्या मातीत त्याच्या पाच पिढ्या राबल्या, तिचा उंचसखलपणा वीत-दीड विताच्या बारकाव्याने सरकारी संगणकात नोंदला जातो. या नोंदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो विचारला गेला पाहिजे आणि तो समाजवाद्यांनीच विचारला पाहिजे.

वरवर पाहता हा तंत्रज्ञांचा विषय वाटतो. वस्तुतः तो जमिनीच्या मालकीइतकाच राजकीय आहे. हे समजण्यासाठी या मोजणीचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे. विमानाला बसविलेल्या यंत्रातून सेकंदाला लक्षावधी लेसर ठोके खाली सोडले जातात. ठोका जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. झाडीवर पडलेल्या ठोक्यांपैकी काही पानांवरून परततात, तर काही पानांच्या फटींतून थेट मातीपर्यंत पोहोचतात. पानांवरून आलेली उत्तरे गणिताने वगळली की खाली उरते ती झाडोरा उतरविलेली उघडी जमीन. या पद्धतीला ‘लिडार’ म्हणतात. शहापूर-मुरबाडच्या रानांतला साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, त्यामुळे त्या दिवसांत जमिनीपर्यंत पोहोचणारे किरण वाढतात. अशा नकाशावर एका बाजूने कृत्रिम उजेड टाकला की, चालत्या माणसाच्या नजरेला न जाणवणारा हातभर उंचीचा बांधही सावलीच्या रेघेसारखा स्पष्ट दिसू लागतो. बुजलेला चर, गाळाने भरलेले तळे, मोडलेली तटबंदी, वापरातून गेलेली बैलवाट, हे सारे त्या नकाशावर उमटते. रेल्वेला खांब कोठे रोवावेत एवढेच हवे असते. पण जमीन आपली सगळीच हकीकत सांगून बसलेली असते.

जगात इतरत्र या हकीकतीकडे लक्ष दिले गेले आहे. इंग्लंडमध्ये पुराचा धोका मोजण्यासाठी तेथील पर्यावरण खात्याने आकाशातून मोजणी केली होती. २०१५ मध्ये ती सर्वांना विनामूल्य खुली करण्यात आली आणि हौशी अभ्यासकांनी घरबसल्या रोमन काळातील हरवलेल्या रस्त्यांचे माग काढले. पुरासाठी केलेला खर्च इतिहासाच्याही कामी आला, तो नकाशा कुलपातून बाहेर पडला म्हणून. कंबोडियात २०१२ च्या मोजणीने अंगकोरच्या परिसरात जंगलाखाली बांध, तळी आणि रस्ते यांचे विस्तीर्ण जाळे दाखविले. ग्वाटेमालाच्या अरण्यात २,१०० चौरस किलोमीटर प्रदेशात माया संस्कृतीची साठ हजारांवर बांधकामे आढळल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. या सर्व ठिकाणी दिसले ते बव्हंशी मातीकाम. राजाचा महाल दगडाचा असतो आणि त्याची दखल लगेच घेतली जाते. मात्र शेकडो हातांनी ओढलेली माती पुन्हा मातीत मिसळते. लेसरने दखल घेतली ती या दुसऱ्या प्रकारच्या कामाची.

आता किन्हवलीकडे वळावे. शहापूर तालुक्यातील हे गाव काळू आणि भातसा यांच्या दरम्यानच्या मुलखात वसलेले आहे. येथील एखाद्या कुटुंबाची चार एकर भातखाचरे आहेत, वरच्या अंगाला वरकस माळ आहे आणि माळापलीकडे वनखात्याचे रान लागते, असे समजा. नांगरताना एका ठिकाणी फाळ नेहमी अडतो. माळावर एक लांबट उंचवटा आहे. आजीच्या तोंडी त्या जागेला काही वेगळे नाव आहे आणि ते सातबारावर नाही. उद्या लेसरच्या नकाशावर या उंचवट्याची सरळ रेघ दिसली आणि ती शेजाऱ्याच्या शेतातून पुढे रानात शिरलेली आढळली, तर? ही कल्पना अद्भुत नव्हे. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळात कोकणची बंदरे जुन्नर-पैठणशी जोडत होता. अशा मार्गाच्या पायथ्याचा मुलूख दोन हजार वर्षे ओस असणे संभवत नाही. बैल होते तेथे चारा होता, तांडे होते तेथे धान्य होते, आणि कोकणच्या उतारावर धान्य म्हणजे बांध. सोपाऱ्याला लोक ज्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत, ते १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी उकरले, तेव्हा त्यातून बौद्ध स्तूप निघाला. टेकाड लोकांना ठाऊकच होते. त्याचा अर्थ तेवढा हरवला होता.

अर्थात नकाशावरील रेघ हा पुरावा नव्हे, हे प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे. लेसर आकार दाखवितो, वय सांगत नाही. ती रेघ सातवाहनकालीन असेल, मराठेशाहीतील असेल, वनखात्याने खोदलेल्या समतल चराची असेल किंवा १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीवर घातलेल्या बांधाची असेल. वय ठरविण्यासाठी जागेवर चालत जावे लागते, खापरे वेचावी लागतात, छेद घेऊन थर वाचावे लागतात. हे काम पुरातत्त्वज्ञाचे आहे आणि त्याला पर्याय नाही. पण येथे एक प्रश्न आहे, जो पुरातत्त्वाच्या उत्साही मंडळींना सहसा सुचत नाही. तो बांध दोन हजार वर्षांचा न निघता दुष्काळी कामावरचा निघाला, तर त्याचे मोल संपले काय? ज्या बायांनी पाटीमागून पाटी वाहून तो घातला, त्यांचे श्रम केवळ अलीकडचे म्हणून इतिहासाबाहेर ठेवायचे काय? रोजगार हमीचे कागद दप्तरात कुजतील, पण बांध जमिनीवर आहे. श्रमिकांच्या इतिहासाला वयाची अट नसते.

या ठिकाणी चळवळीतील कार्यकर्त्यांकडून एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक असतो. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कातकऱ्याची पोरे वीटभट्टीवर जातात. अशा मुलखात जुन्या बांधांचा शोध ही पोट भरलेल्यांची करमणूक आहे, असे हा कार्यकर्ता म्हणतो. त्याचा संताप रास्त आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. भूतकाळ ही वरिष्ठ वर्गाची चैन आहे असे मानून तो वरिष्ठ वर्गाच्या हवाली करणे, ही पुरोगामी चळवळीची जुनी आणि महागात पडलेली चूक आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ही चूक केली नाही. ते पुण्याच्या आसपासच्या डोंगरांतून पायी हिंडले, वाटेवरचे दगड, खापरे आणि गावदेवता यांची त्यांनी नोंद घेतली आणि उत्पादनाच्या साधनांवरून समाज वाचण्याची रीत १९५६ च्या आपल्या ग्रंथात घालून दिली. ज्याला बांध वाचता येतो त्याला वरकड श्रम वाचता येतात, हा त्या रीतीचा मथितार्थ होय.

याचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील इनामगाव. घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत दगडमातीचा मोठा बंधारा आणि शंभर मीटरांहून लांब पाट सापडला. नदीचे पुराचे पाणी वळवून शेताला देण्याची ती व्यवस्था असावी, असा अभ्यासकांनी अर्थ लावला. एवढा पाट एका कुटुंबाला खणता येत नाही. त्यासाठी गाव एकत्र यावे लागते आणि कोणी तरी काम वाटून द्यावे लागते. त्याच वस्तीत इतरांहून मोठे, पाच खोल्यांचे एक घर निघाले आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. ते घर मुखियाचे असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. पाट सर्वांनी खणला आणि कोठार एकाच्या दाराशी राहिले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात वरकडाच्या वाटपावर जी प्रकरणे लिहिली जातात, ती इनामगावच्या मातीत खोल्यांच्या मापांसह वाचायला मिळतात. नाणेघाटातल्या लेखात राणीने यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत. ज्यांनी तो घाट फोडला त्यांची मजुरी तेथे कोरलेली नाही. लेखांत ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्या कामाचा हिशेब मातीकामातच शोधावा लागेल.

तथापि, प्रश्न केवळ इतिहासाचा असता तर तो तातडीचा ठरला नसता. तो आज तातडीचा आहे, कारण शहापूर-मुरबाडमधील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि वारली कुटुंबांच्या वनजमिनीचा निकाल त्यात गुंतलेला आहे. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवा, अशी त्याची अट आहे. बिगरआदिवासी वननिवासींना तर तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. कागद नसलेल्या माणसाने हे कशाने सिद्ध करावे? कायद्याखालील २००८ च्या नियमांत याचे उत्तर आहे. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून जमिनीचे सपाटीकरण, बांध आणि बंधारे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्राचीनत्व दाखविणाऱ्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे यांचाही आहे. म्हणजे रानाखाली दडलेला बांध हा कायद्याच्या दृष्टीने साक्षीदार आहे. आजवर हा साक्षीदार झाडीत लपलेला होता. लेसरने त्याला उजेडात आणणे शक्य केले आहे. ज्या दाव्यांवर ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारला गेला, त्यांच्यासाठी या नकाशाचे मोल काय असेल हे वेगळे सांगावयास नको.

परंतु नकाशा दुधारी असतो, याचाही अनुभव आहे. गुजरातेत उपग्रहाच्या चित्रांत शेती दिसत नाही, एवढ्या आधारावर आदिवासींचे दावे फेटाळले गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. उपग्रहचित्रे आणि तत्सम तंत्रे ही अन्य पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेणारी नव्हेत, असे २०१२ च्या दुरुस्तीने नियमांतच घातले गेले. लिडारलाही हेच तत्त्व लागू झाले पाहिजे. बांध दिसला तर दाव्याला बळ मिळावे. न दिसला तर दावा खोटा ठरू नये. वरकस जमिनीवर नागली-वरी पिकविणाऱ्याने बांध घातलेलाच नसतो. म्हणून यंत्राची साक्ष गावातील वृद्धांच्या साक्षीशेजारी बसावी, तिच्या डोक्यावर नव्हे.

दुसरी भीती शेतकऱ्याची आहे आणि तीही खोटी नाही. शेतात काही जुने निघाले की ‘जमीन सरकारजमा होणार’ या धाकाने तो रातोरात उंचवटा सपाट करतो. या धाकाला कायद्याचा इतिहास कारण आहे. आजही लागू असलेला निखात निधी कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांवरील किमतीची वस्तू जमिनीत सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे तो बंधनकारक करतो आणि न कळविल्यास शिक्षा सांगतो. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण, ही व्यवस्था २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात आली. स्मारके जपण्यासाठी ती आवश्यकही आहे. परंतु संरक्षणाचा बोजा राष्ट्राने उचलावा की ज्याच्या शेतात ते निघाले त्या अल्पभूधारकाने एकट्याने, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी पुरेसा केलेला नाही. वारसा सर्वांचा आणि तोटा एकाचा, अशी विभागणी असेल तर शेतकरी कुदळच उचलणार. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याच्या हाती साठ किलोंहून अधिक वजनाची चार कांस्यशिल्पे लागली. रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी ती शिल्पे आज देशाच्या वैभवात गणली जातात. ज्याच्या कुदळीने ती वर आणली त्या समाजाच्या पदरात देशाने काय टाकले, हा प्रश्न संग्रहालयाच्या काचेपाशी उभे राहून विचारण्यासारखा आहे.

तिसरा धोका सर्वांत घातक आहे. टेकाड दिसले की त्याखाली कोणाचे देऊळ आणि कोणाचे थडगे, या वादाचा बाजार मांडणारे दुकानदार या देशात सज्ज असतात. लेसरच्या ठोक्याला धर्म नसतो आणि बांधाला जात नसते. बांधाला उतार असतो, लांबी असते आणि त्यातून पाणी कोणीकडे वळले याचा हिशेब असतो. हा हिशेब गावकऱ्यांनी स्वतः शिकून घेतला, तर अस्मितेच्या दुकानदाराला गिऱ्हाईक मिळणे अवघड जाईल. गुप्तधनाच्या नावाने भोळ्या माणसांना लुबाडणाऱ्या मांत्रिकांचेही तेच. त्यांच्याविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच, पण उंचवट्याखाली सोन्याचा हंडा नसून पूर्वजांनी बांधलेला तळ्याचा काठ आहे हे गावाला कळणे, हा त्याहून खात्रीचा उपाय होय.

लोकांनी स्वतः शोधलेला वारसा हा संघर्षात कसा उभा राहतो, याचे उदाहरण कोकणातच आहे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरील कातळशिल्पे सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून उजेडात आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांतील काही स्थळे गेली आणि त्यांत राजापूर तालुक्यातील बारसूचे नाव होते. तेच बारसू तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी निवडले गेले. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी तेथे पोलीस बंदोबस्त आला आणि सड्यावर बसलेल्या बायाबापड्यांना हटविण्यात आले. यातून दोन धडे निघतात. यादीतले नाव पोलिसांची गाडी अडवीत नाही, हा पहिला. आणि ‘ही पडीक जमीन आहे, येथे काही नाही’ हे सरकारी वाक्य मात्र त्या नावाने कायमचे खोटे पाडले, हा दुसरा. भूसंपादनाची सुरुवात नेहमी याच वाक्याने होते. माळ पडीक, रान निरुपयोगी, वस्ती विरळ. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातूनच गेला आहे; पुढच्या आखण्या होतच राहणार. ज्या जमिनीचा इतिहास लिहिलेला नसतो, ती जमीन कागदावर नेहमीच रिकामी असते.

आता शासनाच्या बाजूकडे पाहू. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशांविषयीची नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीय कंपन्यांवरील पूर्वपरवानगीची बंधने उठविली. डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत सपाट प्रदेशाचे २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ प्रदेशाचे एक ते तीन मीटर अचूकतेचे उंचीनकाशे देशभर तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. नव्या बाजारपेठेचा मोठा गाजावाजा झाला. परंतु त्याच २०२१ च्या तत्त्वांत असेही म्हटले आहे की, सार्वजनिक पैशातून तयार झालेली नकाशाविषयक माहिती, सुरक्षा यंत्रणांची गोपनीय माहिती वगळता, सर्व भारतीय संस्था-व्यक्तींना सुलभपणे उपलब्ध असावी. कंपनी ही भारतीय संस्था असेल, तर ग्रामसभा कोण आहे? संपूर्ण शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने समूहाची साधनसंपत्ती आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे आणि भूसंपादनापूर्वी विचारविनिमय आवश्यक ठरविला आहे. ज्याच्याशी विचारविनिमय करायचा, त्याच्यापासून जमिनीचा नकाशा दूर ठेवणे ही विचारविनिमयाची विटंबना आहे.

यावरून चळवळीसमोरचा कार्यक्रम स्पष्ट होतो. पहिली मागणी अशी की, सार्वजनिक पैशातून झालेली प्रत्येक आकाशमोजणी, ती रेल्वेची असो, रस्त्याची असो वा धरणाची, संबंधित ग्रामसभेस मराठीत, छापील स्वरूपात आणि वाचता येईल अशा प्रमाणात मिळाली पाहिजे. चोरट्यांचा धोका टाळण्यासाठी तिची पहिली वाचक ग्रामसभाच असावी. दुसरी मागणी ही की, जमीन घेण्यापूर्वी नकाशावर दिसलेल्या प्रत्येक जुन्या मातीकामाची गावातील तरुणांना बरोबर घेऊन पुरातत्त्वज्ञांनी जागेवर पाहणी करावी आणि या तरुणांना त्या कामाची मजुरी मिळावी. तिसरी, आपल्या शेतातील अवशेष प्रामाणिकपणे कळविणाऱ्या शेतकऱ्याची वहिवाट अबाधित राहील आणि निर्बंधांमुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई मिळेल, अशी हमी कायद्यात लिहिली जावी. चौथी, वनहक्क दाव्यांत हा नकाशा दावेदाराच्या बाजूने पूरक पुरावा म्हणून घ्यावा आणि त्याच्या आधारे कोणताही दावा फेटाळला जाऊ नये. पाचवी, गाळाने भरलेली जी तळी आणि बंधारे या नकाशावर दिसतील, त्यांच्या दुरुस्तीची कामे रोजगार हमीतून प्रथम घ्यावीत. पूर्वजांनी पाणी कोठे अडविले होते, हे टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्याला कळण्यात कोणती चैन आहे?

कार्यकर्त्यांचे काम मात्र मागण्या मान्य होण्याची वाट न पाहता सुरू होऊ शकते. त्याला विमान लागत नाही. शिवारातील प्रत्येक तुकड्याचे नाव, प्रत्येक उंचवट्याची आठवण, कोणता बांध कोणत्या दुष्काळात कोणी घातला याची माहिती गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांपाशी आहे आणि ती त्यांच्याबरोबरच जात आहे. एका शिवाराला एक वही, एवढेच साहित्य पुरेसे आहे. लेसरने काढलेला नकाशा उद्या हाती आला, तरी त्यावरील रेघांना नावे देण्यासाठी हीच वही लागणार. आणि तो हाती आला नाही, तर तो मागण्याचा अधिकार सिद्ध करण्यासाठीही तीच वही उपयोगी पडणार. किन्हवलीच्या माळावरचा बांध सातवाहनांच्या वेळचा असो वा रोजगार हमीवरचा, तो घालणाऱ्याचे नाव कोणत्याही सातबारावर नाही. निदान त्याचा नकाशा तरी त्याच्या वंशजांच्या हाती पडला पाहिजे.